महाडच्या प्रश्नाचं उत्तर महाडलाच शोधावं लागतं

२०११च्या जानेवारीत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक शोधनिबंध छापून आला. विंचू चावलेल्या सत्तर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. पस्तीस जणांना प्राझोसिनच्या गोळ्या दिल्या, उरलेल्या पस्तीस जणांना प्राझोसिन आणि जोडीला विंचूदंशावरची लस. दहा तासांनंतर लस मिळालेल्यांपैकी बत्तीस जण पूर्ण बरे झाले होते, नुसत्या प्राझोसिनच्या गटातले आठच. या अभ्यासाचं ठिकाण होतं महाड. रायगडच्या दक्षिण टोकाचं, सावित्रीच्या काठचं तालुक्याचं गाव आणि तिथलं डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदा बावस्कर यांचं रुग्णालय. आसपास वैद्यकीय महाविद्यालय नाही, संशोधन केंद्र नाही. हिंमतराव बावस्करांना २०२२मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या जिद्दीवर भरभरून लिहिलं, आणि ते रास्तच होतं. पण एका डॉक्टरच्या जिद्दीची गोष्ट म्हणून हे काम मिटवून ठेवलं की त्यातली सार्वजनिक महत्त्वाची बाब हातून निसटते. विंचवाच्या विषावरचं उत्तर दुसरीकडे कुठे सापडण्याची शक्यता फार थोडी होती, आणि तालुक्याच्या गावात अशी उत्तरं शोधण्याची सोय आपल्या आरोग्यव्यवस्थेने आजही केलेली नाही.

बावस्कर १९७६मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी लाल विंचू चावून गंभीर झालेल्यांपैकी तीस ते चाळीस टक्के रुग्ण दगावत, आणि त्यांत मुलं मोठ्या संख्येने असत. कारण सरळ आहे. विंचू सोडतो तेवढंच विष, पण ते दहा-बारा किलोच्या अंगात जातं. पुस्तकात उपचार होते. अॅट्रोपिन, स्टेरॉइड, झोपेची आणि अॅलर्जीची औषधं असं जे हाताशी असेल ते दिलं जाई आणि पोरं तरीही जात. बिरवाडीत आणि पुढे महाडला बावस्करांनी केलं ते साधंच पण चिकाटीचं काम होतं: रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा, उलट्या यांची नोंद ठेवणं. या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. आधी घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय, मग चढलेला रक्तदाब, मग थकलेलं हृदय आणि फुप्फुसात साठणारं पाणी. १९८२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी या पूर्वलक्षणांबद्दल लिहिलं. विंचवाचं विष मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग लवकर बंद होऊ देत नाही, त्यामुळे अॅड्रिनलिनच्या जातीची द्रव्यं रक्तात लोटली जातात आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणजे मारेकरी ही लाट होती. अॅट्रोपिन तर हृदयाचे ठोके आणखी वाढवणारं औषध! रक्तदाबावरचं प्राझोसिन नेमकं त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करतं. १९८६मध्ये प्राझोसिनच्या वापरावरचा त्यांचा लेख पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच आला. पुढच्या काळात वेळेत उपचार मिळालेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास आलं.

आता विचार करा, हे दुसरीकडे कुठे झालं असतं? लंडनच्या रुग्णालयात लाल विंचवाचा रुग्ण येत नाही. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात येत असेल, तर फुप्फुसं भरल्यावर, अखेरच्या टप्प्यात. घाम फुटण्यापासून फुप्फुसात पाणी होण्यापर्यंतचे सगळे टप्पे पाहायचे तर डॉक्टर सव, वरंध, विन्हेरे, कापडे अशा गावांच्या टप्प्यात बसलेला हवा. जांभ्याच्या मातीत, गवताच्या गंजीत, लाकूडफाट्यात आणि कौलांखाली विंचू असतो आणि तो चावतो शेतकऱ्याला, कातकऱ्याला, त्यांच्या अनवाणी मुलाला. या माणसांकडे बाजाराचं लक्ष जात नाही. प्राझोसिन तेव्हाही जुनं, स्वस्त औषध होतं, त्याचा हा नवा उपयोग सिद्ध करण्यात कोणत्याही कंपनीला नफा नव्हता. जी लस २०११च्या अभ्यासात तपासली गेली ती सरकारी हाफकिनची. एखाद्या रोगाला पैसेवाला रुग्ण नसेल, तर त्यावर संशोधन करण्याचं कारण फक्त त्या रोगाजवळ राहणाऱ्या माणसाकडेच उरतं.

ज्या महिन्यात महाडचा हा निबंध प्रसिद्ध झाला, त्याच महिन्यात पूर्व आफ्रिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्याची हकिकत आपल्याकडच्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याने वाचावी अशी आहे. तापाने फणफणलेलं, हातपाय गार पडलेलं, रक्ताभिसरण ढासळलेलं मूल आलं की शिरेतून भराभर द्रव द्यायचा, हा श्रीमंत देशांतल्या अतिदक्षता विभागांतून आलेला धडा. तो तर्काला पटतो, म्हणून जगभर शिकवला गेला. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या रुग्णालयांत ‘फीस्ट’ नावाने हा अभ्यास झाला आणि तीन हजारांहून अधिक मुलांवर हा धडा पहिल्यांदाच काटेकोरपणे तपासला गेला. भराभर द्रव दिलेल्या मुलांमध्ये अठ्ठेचाळीस तासांतले मृत्यू साडेदहा टक्क्यांच्या घरात निघाले, तो न दिलेल्या मुलांमध्ये ७.३ टक्के. त्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना मलेरिया होता, जवळपास एक तृतीयांश मुलांचं रक्त फारच कमी झालेलं होतं, आणि तिथे कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रांचा आधार नव्हता. लंडन-सिडनीत ज्या परिस्थितीत तो उपचार रुजला, ती परिस्थिती तिथे नव्हतीच. हा अभ्यास झाला नसता तर उत्तम हेतूने, पाठ्यपुस्तकाप्रमाणे, सलाइन सोडून मुलं दगावत राहिली असती आणि दोष मलेरियाला गेला असता.

उलट दिशेचं उदाहरण रक्ताच्या आजाराचं आहे. सिकलसेलच्या मुलांना हायड्रॉक्सीयुरिया दिलं की दुखण्याचे झटके कमी होतात, हे अमेरिकेत माहीत होतं. पण हे औषध अस्थिमज्जेवर दाब आणतं, म्हणून मलेरियाच्या प्रदेशात ते दिलं तर संसर्ग वाढतील या भीतीने आफ्रिकेतल्या लाखो मुलांना ते मिळत नव्हतं. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडात ‘रीच’ हा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१९मध्ये छापून आले. दुखणं कमी झालं, मृत्यू कमी झाले आणि मलेरियाही वाढायच्या ऐवजी कमी झाला. एका ठिकाणी परक्या खात्रीने मुलं मरत होती, दुसऱ्या ठिकाणी परक्या भीतीने. दोन्हींचा निकाल जिथल्या तिथे लागला. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या सिकलसेलचा विचार करतानाही हे लक्षात ठेवायला हवं. आपल्याकडच्या रुग्णांत या आजाराचा जनुकीय प्रकार बहुतांशी आफ्रिकेहून वेगळा आहे, त्यामुळे किती वयाला, किती मात्रा, कोणाला, हे आफ्रिकेच्या आकड्यांवरून जसंच्या तसं उचलता येणार नाही. २०२३च्या जुलैत केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिच्यात तपासण्यांचा धडाका आहे. त्या तपासण्यांतून सापडलेल्या मुलांचं पुढे काय होतं, याचा अभ्यास जिल्ह्यातच उभा राहिला तर मोहिमेचं चीज होईल.

महाराष्ट्राला हे नवं नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत एकोणचाळीस गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली, सत्तेचाळीस गावांशी तुलना केली आणि नवजात बाळांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मधून दाखवलं. आज देशभर आशाताई घरोघरी जाऊन बाळाचं वजन करतात, अंगाला हात लावून गारठा पाहतात, ते या पुराव्यावर उभं आहे. कर्करोगाचं म्हणाल तर बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि त्याभोवतालची, १९८७पासूनची ग्रामीण कर्करोग नोंदणी घ्या, देशातली अशी ती पहिली. आताच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा अभ्यास झाला आणि २००९मध्ये तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतात, हे जगाला मराठवाड्यातल्या शेतकरी बायकांनी दाखवलं. जागतिक आरोग्य संघटना आज हीच चाचणी पहिल्या पसंतीची म्हणून सुचवते. आणि तरीही महाड-पोलादपूरच्या बाईला ती सहज मिळत नाही. संशोधनाने सिद्ध केलेलं घरी पोचवणं हा वेगळा लढा आहे आणि तो उस्मानाबादच्या बायकांचं देणं म्हणून तरी लढायला हवा.

याच उस्मानाबादच्या अभ्यासाने सर्वांत गंभीर आक्षेपही पुढे आणला आहे, त्याला बगल देता येणार नाही. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या एकतीस हजारांहून अधिक बायकांना कसलीच तपासणी मिळाली नाही. त्या गटात चौसष्ट जणी या कर्करोगाने गेल्या, चाचणी झालेल्या गटात चौतीस. अभ्यासकांचं म्हणणं असं की देशात तेव्हा तपासणीची सोयच नव्हती, म्हणून नेहमीची स्थिती तीच. टीकाकारांचं म्हणणं असं की उपयोगी चाचण्या जगात उपलब्ध असताना काही न करणं हा तुलनेचा गट असू शकत नाही. मला टीकाकारांचं पटतं. त्याही पुढे २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींवर एचपीव्ही लशीचा जो प्रकल्प झाला, तो थांबवावा लागला. मुलींच्या मृत्यूंशी लशीचा संबंध नसल्याचं चौकशीत दिसलं, पण आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचंही दिसलं, आणि संसदीय समितीने २०१३मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. गरिबाच्या अंगावर प्रयोग होतात ही भीती त्यामुळे खरी आहे, ती अडाणीपणाची नव्हे.

पण तिच्यातून कोणता निष्कर्ष काढायचा? गरीब भागात संशोधनच नको, असं म्हटलं तर त्या भागातल्या लोकांवर उपचार थांबत नाहीत. ते न तपासता चालू राहतात, आणि न तपासलेला उपचार हाही प्रयोगच असतो, फक्त त्याची नोंद नसते, संमती नसते आणि चूक कळण्याची सोयही नसते. अॅट्रोपिन देऊन दगावलेल्या मुलांची संमती कोणी घेतली होती? उस्मानाबाद आणि खम्मममधल्या अभ्यासांचे निर्णय रुग्णांपासून फार दूर बसलेल्या मंडळींनी घेतले होते, हा त्या प्रकरणांतला समान धागा आहे. २०१९च्या नव्या औषध आणि वैद्यकीय चाचणी नियमांप्रमाणे नीती समितीत एक सर्वसामान्य नागरिक, एक कायदा जाणणारा आणि किमान निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावे लागतात. नियम चांगला आहे. महाडच्या अभ्यासासाठी बसणाऱ्या समितीत तो सर्वसामान्य नागरिक कातकरी वाडीतला असेल, कोकणी मराठीत संमतीपत्र वाचून त्यातलं काय कळलं नाही ते सांगणारा असेल, तर त्या नियमाला अर्थ येतो. संशोधन लोकांजवळ आणलं तरच त्यावर लोकांची नजर राहू शकते.

दुसरा आक्षेप वैद्यकातल्याच जाणकारांचा आहे. तालुक्यातल्या एका दवाखान्यात रुग्ण किती, नोंदी किती भरवशाच्या, तुलनेचा गट कुठून आणणार? ऐंशीच्या दशकातल्या प्राझोसिनच्या पुराव्यालाही ही शंका लागू होते. आधीच्या काळातले मृत्यू आणि नंतरचे मृत्यू यांची ती तुलना होती. त्याच काळात रस्ते सुधारले, एसटी आणि जीपगाड्या वाढल्या, लोक मांत्रिकाकडे न थांबता लवकर दवाखान्यात येऊ लागले. मृत्यू कमी होण्यात याचा वाटा नसेलच असं कोण म्हणेल? शंका रास्त आहे. तिचं उत्तरही महाडमधूनच आलं, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट. लसीच्या उपयोगाबद्दल डॉक्टरांमध्ये दीर्घ काळ मतभेद होते आणि ते मतभेद मिटवण्यासाठी २०११चा अभ्यास यदृच्छेने गट पाडून, नीट केला गेला. पुढे २०१४मध्ये पुदुच्चेरीच्या जिपमरमधल्या डॉक्टरांनी फक्त मुलांवर तशीच तुलना केली आणि निष्कर्ष जुळला. म्हणजे छोट्या जागेतल्या निरीक्षणाने प्रश्न निर्माण केला, छोट्या जागेतल्याच नेटक्या चाचणीने तो सोडवला आणि मोठ्या संस्थेने तो पडताळला. आपण हा क्रम उलटा धरून बसतो आणि मोठ्या संस्थेने आधी प्रश्न विचारावा अशी वाट पाहतो. त्या संस्थेला हा प्रश्न पडणार कसा, तो रुग्ण तिच्या दारात येतच नाही!

याचा अर्थ मोठ्या केंद्रांचं महत्त्व कमी, असा नाही. याच रायगड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, खारघरला, टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक आहे. मुंबई आयआयटीच्या साथीने विकसित झालेली, रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी पेशी उपचारपद्धती भारतात पहिल्यांदा तिथे रुग्णाला दिली गेली, आणि २०२३च्या ऑक्टोबरमध्ये तिला देशात वापराची परवानगी मिळाली. परदेशातल्या किमतीच्या एका लहान हिश्श्यात हा उपचार आता इथे मिळतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. रुग्णाच्या पेशी बाहेर काढून, त्यांत बदल करून परत सोडण्याचं काम तालुक्यात होणार नाही, होऊही नये. पण एकाच जिल्ह्याच्या या दोन टोकांत फरक बघा. खारघरच्या डॉक्टरला संशोधन हे त्याचं नेमून दिलेलं काम आहे, त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ आहेत, परिचारिका आहेत, नीती समिती आहे. महाडच्या किंवा पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला बाह्यरुग्ण विभाग, शवविच्छेदन, न्यायालयातली साक्ष, लसीकरणाचे अहवाल आणि रात्रीची ड्युटी आहे. त्याने पाहिलेलं त्याच्याबरोबर बदली होऊन जातं. वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकाचे निबंध बढतीसाठी मोजले जातात, तालुक्यातल्या डॉक्टरने लिहिलेल्या निबंधाची दखल कोण घेतं?

अशा डॉक्टरवर आणखी ओझं का, हा तिसरा आक्षेप. तो प्रामाणिक आहे, कारण रिकामी पदं आणि दमलेली माणसं हीच ग्रामीण आरोग्यसेवेची रोजची स्थिती आहे. बावस्कर दांपत्याने जे केलं ते स्वतःच्या रुग्णालयात, स्वतःच्या झोपेच्या मोबदल्यात. त्या मापाचा त्याग प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याकडून मागणं अन्यायाचं आहे, आणि त्यावर धोरण तर बांधताच येत नाही. म्हणूनच यंत्रणा हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने डहाणूला आणि नाशिक जिल्ह्यात वणीला आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रं उभी केली आहेत. दक्षिण रायगडला तसं एक केंद्र मिळालं तर प्रत्येक रुग्णालयात स्वतंत्र तज्ज्ञ नेमावे लागणार नाहीत. महाड आणि पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयांत नोंदी ठेवणारा एकेक प्रशिक्षित माणूस, अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून संख्याशास्त्राची आणि नीती समितीची मदत, आणि ज्या डॉक्टरला विचारण्याजोगा प्रश्न सापडला आहे त्याला त्या कामापुरती बदलीतून सूट, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

प्रश्नांची इथे वाण नाही. सर्पदंशाचंच घ्या. देशातली प्रतिविष लस ज्या विषापासून बनते ते मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळांच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं हे शास्त्राला चांगलं ठाऊक आहे. मग कोकणातल्या फुरशाला ही लस किती लागू पडते, किती कुप्या लागतात, मुलांना किती? मण्यार रात्री झोपेत चावते, खूण दिसत नाही, पहाटे मूल पोटदुखीने कळवळतं आणि मग पापण्या जड होतात. हे चित्र पहिल्या तासात ओळखण्याची एखादी रीत आशाताईंना शिकवली तर किती जणांना वेळेवर लस मिळेल? २०२१च्या जुलैसारखा पूर महाडमध्ये शिरून ओसरतो, चिखल उपसणाऱ्यांना लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जातात. कोणी घेतल्या, कोणी खिशात ठेवल्या, त्यानंतरच्या महिन्यात ताप कोणाला आला, याची वस्तीवार नोंद ठेवली तर पुढच्या पुराआधी एक ठोस उत्तर हाताशी असेल. आणि विंचवाचंही काम संपलेलं नाही. लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळून लवकर गुण येतो हे कळून दीड दशक होत आलं, तरी ज्या वाडीपासून रुग्णालय दोन घाट पलीकडे आहे तिथल्या मुलाला पहिली गोळी कोणी, कुठे आणि किती वेळात द्यावी, हे अजून कोणी मोजून पाहायचं आहे. ते मोजायला वीस-पंचवीस उपकेंद्रं, एक छापील तक्ता आणि दोन उन्हाळे पुरतील. रायगड जिल्हा परिषदेच्या पुढच्या अर्थसंकल्पात त्यासाठी एक ओळ असावी.